दाराशी ठेवलेलं पोतं

आमच्या दुकानात बिबा चिमट्यानं उचलतात. लग्न होऊन मी बाळापूरला आले, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात हा नियम शिकले. पुसायला म्हणून मी पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं आणि गल्ल्यावर बसलेले मामाजी ओरडले, "सूनबाई, त्याले हात नोको लावू!" सासऱ्यांचा चढलेला आवाज मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला. नंतर त्यांनी स्वतःचं मनगट दाखवलं. तिथे एक जुना काळपट डाग होता. बिब्याचं तेल कातडीला लागलं की कोणाकोणाचं अंग फोडांनी भरून जातं, त्याला आपल्याकडे बिबा उतला म्हणतात. मामाजींना तो तरुणपणी उतला होता. तेव्हापासून डब्याच्या कडीला सुतळीनं चिमटा बांधलेला असतो.

बचनाग, जमालगोटा, धोतऱ्याचं बी, गुंजा, कुचला ही मंडळी गल्ल्याखालच्या लहान कपाटात कुलपात असायची. किल्ली मामाजींच्या करगोट्याला. ओळखीचा वैद्य किंवा हकीम असल्याशिवाय ते कपाट उघडत नसे. पुढे कितीतरी वर्षांनी औषध कायद्यातली अनुसूची ई-1 माझ्या वाचनात आली. आयुर्वेदात वापरल्या जाणाऱ्या विषारी द्रव्यांची ती यादी. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असेल, तर वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. मी यादीवर बोट ठेवत गेले. वत्सनाभ, भल्लातक म्हणजे बिबा, जयपाल, धत्तूर, गुंजा, विषमुष्टी. मामाजींनी तो कायदा कधी पाहिला नव्हता, पण त्यांचं कपाट आणि ती यादी जवळपास एकच होती.

गुळवेल मात्र दाराशी उघड्या पोत्यात. येणाजाणाऱ्यानं एखादं कांड उचलायचं, दातानं तोडायचं, तोंड कडू करून थुंकायचं आणि हसत पुढे जायचं. जिला अमृता म्हणतात तिला कोण भिईल? आम्हीही भ्यायलो नाही. मला जे सांगायचं आहे ते या पोत्याबद्दल आहे.

आमचं दुकान जुन्या वस्तीत आहे. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला, नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची छत्री, बाळादेवीचं देऊळ, आणि त्यांच्याभोवती गल्ल्यांचं गाव. गिऱ्हाईक दोन्ही भाषांचं. कोणी "गुळवेल देजा" म्हणतं, कोणी "बेटा, गिलोय है क्या?" असं विचारतं. जुन्या हकिमांच्या उर्दू चिठ्ठ्या मामाजी सहज वाचत. काष्ठौषधी विकणाऱ्याला झाडाची पाच नावं तरी यावी लागतात, असं ते म्हणत. एका नावाखाली दोन वनस्पती असतात आणि एका वनस्पतीला दोन नावं असतात. चूक होते ती तिथेच.

मला झाडं नवी नव्हती. माझं माहेर अंजनगाव सुर्जीकडचं, पानमळ्यांचा मुलूख. मळ्यात चप्पल बाहेर काढून जायचं. पानवेलीसारखीच आमच्याकडे पानपिंपरी लावतात. तिची हिरवी कणसं तोडून वाळवली की काळपट होतात आणि औषधाच्या बाजारात जातात. लहानपणी ती वाळत घालणं माझं काम. त्यामुळे वाळलेला माल हातात घेतला की ओल किती, जुना की नवा, हे मला कळायचं. मामाजींनी ते हेरलं आणि मला माल पारखायला बसवलं. त्या काळी आमच्या बाजारपेठेत सून दुकानात बसणं साधी गोष्ट नव्हती.

गुळवेलीची पारख त्यांनी अशी शिकवली. ताजं कांड आडवं कापायचं. आत चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसली पाहिजे. संस्कृतात तिला चक्रलक्षणा म्हणतात ते त्यामुळेच. वरची पापुद्र्यासारखी साल नखानं सोलली की खाली हिरवं लागतं. पानं एकाआड एक, हृदयाच्या आकाराची. जुन्या वेलीला दोऱ्यांसारखी मुळं वरून खाली लोंबतात. आणि कापल्यावर दूध येता कामा नये. हे शेवटचं ते पुन्हा पुन्हा सांगत, कारण आपल्याकडे कुंपणाकुंपणाला उतरण असते. तिचंही पान हृदयासारखं, पण पानं समोरासमोर, आणि तोडलं की पांढरा चीक. निंबावर चढलेली गुळवेल चांगली असं सगळे म्हणतात. मामाजीही म्हणत, पण निंबावर आहे म्हणून कापून पाहायचं त्यांनी कधी सोडलं नाही.

मामाजी 2014 साली गेले. कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. चिमटा होता तिथेच राहिला.

मग 2020 चा उन्हाळा आला. बाहेर 45 अंशांच्या पुढचं ऊन आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही, पण आमच्या दुकानापुढे चुन्याचे गोल आखून माणसं उभी. वर्षभरात गुळवेलीची दोन पोती जायची, ती आता आठवड्याला जाऊ लागली. काढ्याचा मसाला मागायला येणारा प्रत्येक जण फोन पुढे धरायचा. त्यावर तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी आणि हटकून गुळवेल. कोणीतरी कुठेतरी लिहिलेलं, दहा हातांतून आलेलं. किती घ्यायची ते असायचं. किती दिवस आणि कोणी घ्यायची नाही, हे त्यात नसायचं. ऑक्टोबरमध्ये आयुष मंत्रालयाचं कोविडसाठीचं पत्रक निघालं. त्यात गुळवेलीच्या घनवटीपुढे 15 दिवस किंवा महिनाभर अशी मुदत छापलेली होती. फोनवरून फिरताना तीच ओळ कुठे गळून पडली कोण जाणे. आमच्या दुकानापर्यंत ती पोचली नाही.

माल पुरेना. पातूरच्या डोंगराकडून वेल आणणारे आमचे नेहमीचे काका टाळेबंदीत अडकले. नवी नवी पोरं भारे घेऊन येऊ लागली. एकानं आणलेला भारा मी कापला तर हाताला चीक लागला. निव्वळ उतरण. पोराला खरंच माहीत नव्हतं. "काकू, पान तं तसंच हाये ना," तो म्हणाला. त्याला मी पायरीवर बसवलं, दोन्ही कांडं कापून दाखवली आणि भारा परत दिला. त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. खोटा माल मी दारातून आत येऊ दिला नाही, आता माझ्या दुकानातून कोणाला अपाय होणार नाही, असं वाटलं. सहा महिन्यांनी कळलं की मी एकच दार राखत होते.

वाडेगावच्या एक मावशी आमच्या जुन्या गिऱ्हाईक. पन्नाशीच्या, कष्टाच्या, हसतमुख. दिवाळीच्या आधी त्या आल्या आणि गुळवेलीचं अर्धा किलो चूर्ण मागितलं. मी वजन केलं, पुडी बांधली, पैसे घेतले. घरचे कसे आहेत ते विचारलं, कापसाचा भाव विचारला. कोणासाठी आणि कायसाठी, हे विचारलं नाही. अर्धा किलो म्हणजे एका माणसाला रोज चमचा चमचा घेतलं तरी महिने पुरेल एवढं. हा हिशेब मला येत होता. मी तो केला नाही.

जानेवारीत त्यांचा मुलगा दुकानात आला. हातात तीच पुडी, निम्म्याहून रिकामी. मावशींचे डोळे पिवळे झाले होते, अन्न जात नव्हतं, लघवी गडद होत होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी काविळीच्या सगळ्या तपासण्या केल्या. ए, बी, सी, ई, एकही सापडली नाही. लिव्हरचा आकडा, एसजीपीटी, जो चाळीसच्या आसपास असायला हवा, तो नऊशेच्या वर. डॉक्टरांनी तीनदा विचारलं की काही औषध घेता काय. मावशी तिन्ही वेळा नाही म्हणाल्या. थायरॉइडची गोळी तेवढी सांगितली. चौथ्यांदा त्यांनी प्रश्न बदलला, "सकाळी उठल्यावर तोंडात काय काय जाते ते सांगा." तेव्हा गुळवेल निघाली. मुलानं विचारलं, "माय, मंग आधी काहून नाही सांगितलं?" तर म्हणाल्या, "ते काय औषध हाये काय? ते तं आपल्या घरचं हाये."

मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्या घरांत गोळी म्हणजे औषध आणि काढा म्हणजे काळजी. काळजीची नोंद डॉक्टरांपुढे कोण करतं?

मुलानं पुडी माझ्यापुढे ठेवली. डॉक्टरांनी माल कोणता ते विचारून यायला सांगितलं होतं. मी चूर्ण हातावर घेतलं, चाखलं, काचेतून पाहिलं. त्याच खेपेची उरलेली वाळकी कांडं पोत्यात होती, ती भिजवून आडवी कापली. प्रत्येकात चाक होतं. खरं सांगते, उतरण निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती गुळवेलच होती, माझ्या हातची, निंबावरची, सावलीत वाळवलेली.

मी मुलाबरोबर अकोल्याला गेले. जायला हवं असं वाटलं. डॉक्टर रागावतील ही भीती होती, पण त्यांनी मला बसवलं आणि नीट समजावलं. ते म्हणाले, हे शंभर टक्के गुळवेलीमुळेच असं मी लिहून देणार नाही, पण दुसरं कारण सापडत नाही, म्हणून आधी ती बंद. गुळवेल शरीराची प्रतिकारशक्ती जागी करते म्हणून लोक घेतात. पण काही माणसांची प्रतिकारशक्ती आधीच वाट चुकून स्वतःच्याच अवयवांवर उठलेली असते. थायरॉइड मंद होण्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं, मावशींचं तसंच होतं. अशा शरीरात ती शक्ती आणखी चेतवली तर ती लिव्हरवरही उठू शकते. ज्या गुणासाठी आपण ती देतो, त्याच गुणानं तो घात होऊ शकतो, ही गोष्ट तोवर मला कोणी सांगितली नव्हती.

मावशी बऱ्या झाल्या. तीन महिने लागले, औषधं लागली, त्या हंगामाची वेचणी मजुरांवर सोडावी लागली. उपचाराचे पैसे मी देऊ केले. मुलानं घेतले नाहीत.

त्या वर्षीच्या जुलैत मुंबईच्या डॉक्टरांचा निबंध प्रसिद्ध झाला. गुळवेल घेतलेल्या आणि लिव्हर बिघडलेल्या सहा रुग्णांची हकीकत त्यात होती. मंत्रालयानं आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. तो आक्षेप अगदीच निराधार नव्हता, सारख्या दिसणाऱ्या वेली मीही पाहिल्या होत्या. पण 2022 मध्ये देशातल्या 13 रुग्णालयांनी मिळून 43 रुग्णांचा अभ्यास मांडला. लक्षणं दिसेपर्यंतचा काळ बहुधा दीड महिन्याच्या आसपासचा होता. पुष्कळांमध्ये प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटल्याच्या खुणा होत्या. जे नमुने हाती आले ते तपासल्यावर गुळवेलच निघाली. मी ते वाचलं आणि मला मावशींची पुडी आठवली.

यावरून कोणी गुळवेलीला विष म्हणू लागलं तर मी भांडेन. माझ्याच दुकानातून त्या दोन वर्षांत शेकडो लोकांनी ती नेली, त्यांतल्या बहुतेकांना काही झालं नाही. जाणते वैद्य ती पिढ्यानपिढ्या देत आले. पण त्यांच्या देण्यात नाडी पाहणं होतं, मात्रा होती, चूर्ण 3 ते 6 ग्रॅम असं मोजून होतं, इतके दिवस घे आणि मग येऊन दाखव असं होतं. आम्ही त्यातली वेल तेवढी उचलली आणि बाकीचं वैद्याकडेच राहू दिलं. बिब्याजवळ चिमटा होता म्हणून बिब्यानं आमच्या दुकानात कोणाला जाळलं नाही. गुळवेलीजवळ काहीच नव्हतं.

म्हणून मी विचारायला लागले. पहिल्या दिवशी फार अवघड गेलं. कोणासाठी पाहिजे? वय किती? शुगरची गोळी चालू आहे काय? कारण गुळवेलीनं साखर उतरते, आणि गोळीही तेच करते, दोन्ही मिळून माणूस घामानं थबथबून खाली बसतो. थायरॉइड, संधिवात, अंगावरचे पांढरे डाग, आधी कधी कावीळ? दिवस गेलेत काय, अंगावर पाजता काय? ऑपरेशन ठरलंय काय? एक गृहस्थ चिडून म्हणाले, "बाई, तुमी दुकानदार हा का पोलीस?" ते दुसऱ्या दुकानी गेले. जाऊ दिलं. अर्धा किलो चूर्ण आता मी कोणालाच देत नाही. आठवड्याची पुडी बांधते आणि तिच्यावर पेननं दोन गोष्टी लिहिते. कोणत्या तारखेची आणि कोणत्या तारखेला थांबायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पुडीवर सात टिकल्या काढते. रोज एक खोडायची, संपल्या की बंद.

आणि एक सांगते, डॉक्टरांकडे जाल तेव्हा ही पुडी खिशात घेऊन जा. हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा तरी म्हणत असेन.

तापाच्या बाबतीत मी कठोर झाले आहे. पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू असतो, मलेरिया असतो. "पोराले तीन दिवसापासून ताप हाये, गुळवेल दे व माय," असं म्हणत बाई आली की मी आधी रक्त तपासायला पाठवते. काढा नंतर. गुळवेलीनं ताप थोडा उतरलासा वाटतो आणि त्यात जे दोन दिवस जातात ते डेंग्यूत फार महाग पडतात. त्या बायांना वाटतं मी विकायलाच नाही म्हणते. पण त्या परत येतात. पोराची चिठ्ठी दाखवायला येतात.

बाळगुटीचंही तसंच. सहाणेवर वेखंड, जायफळ, हिरडा, मुरुडशेंग उगाळून द्यायची पद्धत माझ्याही घरात होती, माझ्या दोन्ही मुलांनी ती चाटली. आता सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी मी गुटी देत नाही. आईच्या दुधाशिवाय त्याला पाणीसुद्धा लागत नाही. आजीचं मन मोडतं हे मला दिसतं. रडणारं बाळ जायफळानं झोपतं हे खरं, पण दोन वेढ्यांच्या जागी चार वेढे उगाळले गेले की ती झोप कसली असते, ते ज्या घरानं पाहिलं त्या घराला विचारावं.

अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. तिथे झाडं बघत फिरायची मला सवय लागली. मागच्या खेपेला सोबत आमच्या गल्लीतली शाळेतली पाच-सहा मुलं होती. गुळवेलीपाशी एकीनं विचारलं, "काकू, हे खाल्लं तर काय होते?" मी सवयीनं गुण सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. मग तिला मावशींची गोष्ट सांगितली, नाव न घेता. मुलं गप्प झाली. एका पोरानं पानावरचा हात हळूच काढून घेतला. त्याला मी म्हटलं, "हात लाव बेटा, लावल्यानं काही नाही होत. ओळख तिची. फक्त तोंडात टाकायच्या आधी विचार."

यंदा दुकानाची रंगरंगोटी काढली तेव्हा पोतं दारातून हलवलं. आत, बिब्याच्या डब्याशेजारी लाकडी पेटी केली आहे, तिला झाकण आहे. बरीच वर्षं तिथं पोतं पाहिलेल्या लोकांना दार रिकामं दिसतं. परवा एक म्हातारे बाबा पायरीवर थांबले, पोत्याच्या जागेकडे काठीनं खूण केली आणि म्हणाले, "काहून व बाई, गुळवेल संपली काय?"

"आहे जी बाबाजी, आत आहे," मी म्हटलं. "बसा. कोणासाठी पाहिजे?"